स्वयंप्रतिरक्षाजन्य ट्रायग्लिसराइडवाढ

स्वयंप्रतिरक्षाजन्य ट्रायग्लिसराइडवाढ म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेने मेदाच्या पचनोत्तर विल्हेवाटीत अडथळा आणल्यामुळे रक्तातील ट्रायग्लिसराइड या मेदप्रकाराचे प्रमाण वाढणे होय. ही अवस्था विरळा आढळते. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये मधुमेह, स्थूलता, मद्यपान, काही औषधे किंवा आनुवंशिक प्रवृत्ती यांपैकी एक वा अधिक कारणे असतात. तथापि ज्या थोड्या रुग्णांत प्रतिपिंड (अँटिबॉडी) हे कारण असते, त्यांच्यात ट्रायग्लिसराइडची पातळी कित्येक हजारांवर जाऊ शकते, स्वादुपिंडाचा प्राणघातक दाह वारंवार होऊ शकतो आणि नेहमीची औषधे फारशी लागू पडत नाहीत. उलट कारण ओळखले गेले, तर प्रतिकारयंत्रणा दडपणाऱ्या औषधांनी हा विकार आटोक्यात येऊ शकतो. म्हणून विरळा असूनही त्याचे निदान महत्त्वाचे ठरते.

या विकाराचे सर्वांत चांगले अभ्यासले गेलेले रूप म्हणजे जीपीआयएचबीपी१ या प्रथिनाविरुद्ध तयार होणाऱ्या स्वप्रतिपिंडांमुळे उद्भवणारी अवस्था. तिचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचा विचार केला असून इतर रूपांचा परामर्श ओघाने घेतला आहे.

मेदाचा रक्तातील प्रवास

विकार समजण्यासाठी आधी मूळ व्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे. आहारातील तेल, तूप, लोणी हे रासायनिक दृष्ट्या बहुतांशी ट्रायग्लिसराइडच असतात. आतड्यात त्यांचे विघटन होते, आतड्याच्या पेशींत ते पुन्हा जुळवले जातात आणि प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून लसिकावाहिन्यांमार्गे रक्तात सोडले जातात. या मोठ्या मेदकणांना कायलोमायक्रॉन म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘रस’ आणि ‘सूक्ष्म’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. यकृतही स्वतः तयार केलेला मेद असाच, पण लहान कणांत भरून रक्तात पाठवते. जेवणानंतर काही तास रक्तद्रव किंचित गढूळ दिसतो, तो कायलोमायक्रॉनमुळे. निरोगी माणसात बारा तासांच्या उपाशी काळानंतर ते रक्तात उरत नाहीत.

हे कण रक्तातून दूर करण्याचे काम लायपोप्रोटीन लायपेज (एलपीएल) हे विकर करते. ते कणातील ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते. ही मेदाम्ले स्नायू व हृदय इंधन म्हणून वापरतात, तर मेदपेशी ती साठवून ठेवतात. एलपीएलची एक अडचण अशी की, ते तयार होते स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत आणि त्याचे काम असते केशवाहिनीच्या आतल्या पोकळीत. मध्ये केशवाहिनीची भिंत उभी असते. हे विकर भिंत ओलांडते कसे, या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके मिळाले नव्हते.

ते उत्तर जीपीआयएचबीपी१ या प्रथिनाच्या रूपाने मिळाले. केशवाहिनीच्या अस्तरपेशींवर असणारे हे लहानसे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या बाजूस एलपीएलला पकडते, पेशीच्या आरपार आतल्या पोकळीकडे नेते आणि तेथे भिंतीवर धरून ठेवते. नदीकाठी माणसे उतरवून परत फिरणाऱ्या नावेची उपमा त्यास पूर्णपणे लागू पडत नाही. कारण पैलतीरी पोहोचल्यावरही हे प्रथिन एलपीएलला सोडून देत नाही, तर त्याला टेकू देते, त्याची घडी मोडू देत नाही, आणि वाहत्या रक्तातील मेदकण त्या जागी थांबून राहण्यासही मदत करते. हृदय, स्नायू व मेद-ऊती यांच्या केशवाहिन्यांत ते विपुल असते. मेंदू आपले इंधन म्हणून मुख्यतः ग्लुकोज वापरतो, आणि त्याच्या केशवाहिन्यांत हे प्रथिन नसते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या साखळीतील कोणताही दुवा निकामी झाला, तर मेदकण रक्तात साचत जातात. दुवा निकामी होण्याचे दोन मार्ग संभवतात. एक जन्मजात : संबंधित जनुकात दोष असणे. दुसरा अर्जित : दुवा निर्दोष असूनही प्रतिपिंडांनी तो अडवणे. पहिला मार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठाऊक होता. दुसऱ्याचा उलगडा होण्यास बराच अवधी लागला.

शोधाचा इतिहास

१९४३ मध्ये हान यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले की, जेवणानंतर गढूळ झालेले रक्त हेपारिन टोचल्यावर स्वच्छ होते. १९५५ मध्ये एडवर्ड कॉर्न यांनी या स्वच्छतेमागील विकराचे गुणधर्म स्पष्ट केले व त्यास आजचे नाव रूढ झाले. १९६० मध्ये हॅवेल व गॉर्डन यांनी जन्मजात अतिमेदरक्तता असलेल्या रुग्णांत या विकराची उणीव दाखवून दिली.

याच सुमारास फ्रान्समध्ये ब्यूमाँ यांनी मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत मेदप्रथिनांशी जखडणारे प्रतिपिंड असल्याचे दाखवले आणि स्वयंप्रतिरक्षाजन्य अतिमेदरक्ततेची कल्पना मांडली. १९६९ मध्ये ग्लूक, फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी ल्यूपस झालेल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रुग्णात कायलोमायक्रॉन साचत होते आणि हेपारिनचा अपेक्षित परिणाम दिसत नव्हता. कल्पना मांडली गेली होती, उदाहरणेही होती. पण प्रतिपिंड नेमके कोणत्या दुव्यावर बसतात हे दाखवण्याची साधने त्या काळी अपुरी होती.

१९८९ मध्ये किहारा व सहकाऱ्यांनी जपानमधील एका रुग्णाचे वर्णन केले. त्या रुग्णाला रक्तबिंबिका घटण्याचा विकार व ग्रेव्हज रोग हे दोन स्वयंप्रतिरक्षा आजार होतेच. त्याच्या रक्तात एलपीएल आणि यकृतातील लायपेज या दोन्ही विकरांना निष्प्रभ करणारे प्रतिपिंड सापडले. पुढील वर्षांत एलपीएलविरोधी प्रतिपिंडांची आणखी काही उदाहरणे नोंदली गेली. एलपीएलला कार्यान्वित करणाऱ्या अपोसी-२ या साहाय्यक प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंड बनू शकतात, असे नंतर जपानमध्येच आढळले.

निर्णायक वळण आले ते उंदरांमुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत ॲन बेन्यू, स्टीफन यंग, लॉरेन फाँग व सहकाऱ्यांनी जीपीआयएचबीपी१ नसलेल्या उंदरांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. या उंदरांना साधा, कमी मेदाचा चारा दिला जात होता, तरीही त्यांचे रक्त दुधासारखे पांढरे होते आणि ट्रायग्लिसराइडची पातळी ५,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत गेली होती. २०१० मध्ये याच गटाने दाखवले की, हे प्रथिन नसल्यास एलपीएल केशवाहिनीच्या बाहेरच, पेशींच्या मधल्या जागेत अडकून पडते. त्याच काळात या जनुकातील दोषामुळे आजारी झालेल्या मानवी कुटुंबांचीही नोंद होऊ लागली.

यापुढची पायरी काहीशी अनपेक्षितपणे गाठली गेली. मानवी रक्तातील जीपीआयएचबीपी१ मोजण्यासाठी जपानी व अमेरिकी संशोधक मिळून एक चाचणी बसवत होते. दोन नमुन्यांत मोजणी काही केल्या होईना. नमुन्यातील कोणता तरी पदार्थ चाचणीत ढवळाढवळ करत होता. अशा प्रसंगी ‘नमुना खराब’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवणे हा सोपा मार्ग असतो. संशोधकांनी तो पत्करला नाही. दोन्ही नमुने कायलोमायक्रॉन साचणाऱ्या रुग्णांचे होते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ढवळाढवळ करणारा पदार्थ म्हणजे रुग्णाने स्वतःच्या जीपीआयएचबीपी१विरुद्ध बनवलेले प्रतिपिंड असावेत, अशी शंका त्यांनी घेतली. ती खरी ठरली. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अशा सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सहांपैकी तिघांना ल्यूपस होता. सर्वांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड अतिशय जास्त आणि एलपीएल अतिशय कमी होते. दोघांना प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांचा गुण आला.

विकाराची यंत्रणा

जीपीआयएचबीपी१विरोधी प्रतिपिंड या प्रथिनाच्या ज्या भागावर एलपीएल बसते, तेथे त्याला बसू देत नाहीत. परिणामी एलपीएल भरपूर तयार होत असूनही कामाच्या जागी पोहोचत नाही. रक्तातील एलपीएलचे प्रमाण घटते, मेदकणांचे विघटन मंदावते आणि कायलोमायक्रॉन व यकृताकडून आलेले कण दोन्ही साचू लागतात. एलपीएलविरोधी किंवा अपोसी-२विरोधी प्रतिपिंडांत अडथळ्याची जागा वेगळी असते, परिणाम तोच. मायलोमातील प्रतिपिंड काही वेळा विकराऐवजी थेट मेदकणांना किंवा हेपारिनला जखडतात.

ल्यूपसच्या पुष्कळ रुग्णांत एलपीएलविरोधी प्रतिपिंड अल्प प्रमाणात आढळतात व ट्रायग्लिसराइड माफक वाढलेले असतात. मात्र प्रतिपिंड आढळणे आणि त्यांनी विकर प्रत्यक्ष निकामी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ल्यूपसमध्ये दाहकारक द्रव्ये, मूत्रपिंडाचा सहभाग आणि स्टेरॉइड औषधे यांमुळेही ट्रायग्लिसराइड वाढतात. त्यामुळे प्रत्येक ल्यूपसग्रस्ताच्या मेदवाढीचे खापर प्रतिपिंडांवर फोडणे योग्य नाही.

अप्रत्यक्ष मार्ग

काही स्वयंप्रतिरक्षा आजार मेदाच्या यंत्रणेवर थेट हल्ला करत नाहीत, तरी त्यांची झळ तिला लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. इन्सुलिनच्या तीव्र तुटवड्यात मेद-ऊतीतून मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो आणि एलपीएलची क्रियाही घटते. मधुमेही कीटोआम्लतेच्या रुग्णाचे रक्त कधी कधी दुधाळ दिसते ते यामुळे. इन्सुलिन सुरू केल्यावर ते लवकर निवळते. हाशिमोटो रोगात अवटुग्रंथी मंदावते; तेथे कोलेस्टेरॉलची वाढ अधिक ठळक व ट्रायग्लिसराइडची वाढ सहसा सौम्य असते. ल्यूपसमुळे मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली, तरी मेद वाढतो.

अर्जित मेदक्षय हा याहून वेगळा प्रकार आहे. त्यात त्वचेखालील मेद-ऊतीच नाहीशी होत जाते. चेहरा, हात, पाय सुकल्यासारखे दिसतात आणि साठवणीस जागा न उरल्याने मेद यकृतात व रक्तात साचतो. इंग्लंडमधील मधुमेहतज्ज्ञ रॉबर्ट लॉरेन्स यांनी १९४६ मध्ये त्याचे वर्णन केले. अनेक रुग्णांत बालवयातील त्वचा-स्नायुदाहासारखा स्वयंप्रतिरक्षा आजार सोबत असतो आणि काहींत मेदपेशीतील पेरिलिपिन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड आढळले आहेत.

इन्सुलिनच्या ग्राहकाविरुद्ध प्रतिपिंड बनून होणाऱ्या तीव्र इन्सुलिनरोधात मात्र ट्रायग्लिसराइड वाढत नाहीत, उलट ते नेहमीइतके किंवा कमीच असतात. ‘इन्सुलिनरोध आला की ट्रायग्लिसराइड वाढलेच’ या पाठ्यपुस्तकी समीकरणाला हा एक बोलका अपवाद आहे.

लक्षणे

ट्रायग्लिसराइडची उपाशीपोटी पातळी १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे सर्वसाधारण मानले जाते. ५०० च्या वर ती अतिशय जास्त समजतात. १,००० च्या आसपास एलपीएलची क्षमता संपुष्टात येते आणि त्यापुढे स्वादुपिंडदाहाचा धोका ठळकपणे वाढतो. हा धोका हेच या विकाराचे सर्वांत गंभीर अंग होय. पोटाच्या वरच्या भागात अचानक उठणारी, पाठीकडे जाणारी असह्य वेदना व उलट्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. वारंवार झटके आल्यास स्वादुपिंड कायमचे अधू होऊन मधुमेह व अपचन मागे राहू शकते.

याखेरीज कोपर, गुडघे, नितंब व पाठीवर पिवळसर, लालसर कडेच्या बारीक पुटकुळ्या उठतात. नेत्रपटलावरील रक्तवाहिन्या नेहमीच्या लाल रंगाऐवजी सायीसारख्या फिक्या दिसतात. यकृत व प्लीहा वाढते. काही रुग्णांना मात्र कोणतेही लक्षण जाणवत नाही व रक्ततपासणीत अकस्मात विकार उघड होतो.

निदान

रक्ताची नळी काही वेळ स्थिर ठेवल्यावर वरचा द्रव दुधासारखा दिसला, की प्रयोगशाळेच्या अहवालात ‘लायपेमिक नमुना’ असा शेरा येतो. पुष्कळदा रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक याकडे ‘उपाशीपोटी रक्त दिले नसेल’ म्हणून दुर्लक्ष करतात. रात्रभर शीतकपाटात ठेवलेल्या रक्तद्रवावर साय धरली, तर तीत कायलोमायक्रॉन असतात. खालचा भागही गढूळ राहिला तर यकृताकडून आलेले कणही वाढलेले असतात. ही जुनी, बिनखर्चाची परीक्षा आजही बोधप्रद आहे. दुधाळ रक्तात सोडियमची मोजणी खोटी कमी येऊ शकते. स्वादुपिंडदाह असूनही अमायलेजचे प्रमाण सर्वसाधारण भासू शकते, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास नेहमीच्या सूत्राने काढलेला ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा विश्वसनीय राहत नाही.

प्रथम नेहमीची कारणे तपासली जातात : मधुमेह, मद्यपान, अवटुग्रंथी, मूत्रपिंड, गर्भावस्था, इस्ट्रोजेन, रेटिनॉइड व स्टेरॉइड यांसारखी औषधे. ही तपासणी वगळून थेट विरळ विकाराकडे वळणे चुकीचे. परंतु पुढील गोष्टी एकत्र दिसल्यास स्वयंप्रतिरक्षेचा संशय घ्यावा असे तज्ज्ञ सुचवतात : पूर्वी ट्रायग्लिसराइडचा अहवाल ठीक असल्याची नोंद असणे आणि मोठ्या वयात ते अचानक हजारांत जाणे, रुग्णाला ल्यूपस, श्योग्रेन, अवटुग्रंथीचा स्वयंप्रतिरक्षा विकार किंवा तत्सम आजार असणे, पथ्य व फायब्रेट औषधे यांनी फरक न पडणे, आणि कारणाशिवाय पातळी मधूनच उतरून पुन्हा चढणे. यांपैकी पहिला मुद्दा निर्णायक म्हणावा इतका उपयोगी आहे. जन्मजात विकरदोष असलेल्या माणसाचा जुना अहवाल सर्वसाधारण असण्याची शक्यता फार कमी, म्हणून जुनी कागदपत्रे जपून ठेवण्याची सवय येथे कामी येते.

जन्मजात प्रकार वगळण्यासाठी एलपीएल, अपोसी-२, अपोए-५, एलएमएफ१ व जीपीआयएचबीपी१ या पाच जनुकांची तपासणी करतात. स्वप्रतिपिंडांची चाचणी सर्वसाधारण रोगनिदान केंद्रांच्या यादीत नसते. तिच्यासाठी नमुना विशेष प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रक्तातील एलपीएल अत्यल्प असणे हाही जीपीआयएचबीपी१च्या बिघाडाचा सूचक पुरावा होय. निदान हुकलेल्या रुग्णाच्या वाट्याला दुखण्याबरोबर संशयही येतो. पथ्य मोडले, चोरून तळलेले खाल्ले किंवा मद्य घेतले, असे त्याला वारंवार ऐकावे लागते आणि दोष मात्र त्याच्या ताटात नसतो.

उपचार

तात्कालिक उपचाराचा हेतू स्वादुपिंड वाचवणे हा असतो. तीव्र दाहात तोंडाने अन्न थांबवून शिरेतून द्रव व आवश्यकतेनुसार इन्सुलिन देतात. काही रुग्णांत रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया केली जाते. तीत मेदकणांबरोबर प्रतिपिंडही बाहेर काढले जातात. परंतु ते बनवणाऱ्या पेशी शरीरातच असल्याने हा लाभ तात्पुरता ठरतो.

आहारात एकूण मेद दिवसाला १५ ते २० ग्रॅमपर्यंत आणणे हा सर्व प्रकारच्या कायलोमायक्रॉनवाढीतील मूलभूत उपाय आहे. चार चहाचे चमचे तेल म्हणजे जवळपास ही मर्यादा संपली, हे लक्षात घेतल्यास पथ्याची काठिण्यपातळी कळेल. शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे, तीळ, साय यांतील मेदही त्यात मोजावा लागतो. मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे विशेष तेल आतड्यातून थेट यकृताकडे जाते व कायलोमायक्रॉन बनवत नाही, म्हणून ते आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने वापरता येते. हे विशेष तेल नारळापासून काढले जाते, यावरून घरचे खोबरेल चालते असा समज कोकण-गोव्याकडील वाचकांचा होणे शक्य आहे. तो चुकीचा आहे. खोबरेल तेलातील मुख्य मेदाम्ल लॉरिक असून त्याचा बराच भाग लांब मेदाम्लांप्रमाणेच कायलोमायक्रॉनमधून जातो.

फायब्रेट व ओमेगा-३ ही नेहमीची औषधे दिली जातात, पण एलपीएलच अडले असता त्यांचा प्रभाव तोकडा पडतो. या विकारातील खरा उपाय प्रतिपिंडांची निर्मिती रोखणे हा आहे. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी-पेशींना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब यांचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत. प्रतिपिंड ओसरल्यावर एलपीएल पुन्हा रक्तात दिसू लागते आणि ट्रायग्लिसराइड उतरतात. स्टेरॉइड स्वतःच ट्रायग्लिसराइड वाढवू शकत असल्याने त्यांचा वापर तारतम्याने करावा लागतो. रुग्णसंख्या अल्प असल्यामुळे मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत व उपचाराची दिशा एकेका रुग्णाच्या अनुभवावरून ठरली आहे. या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून प्रतिपिंड सिद्ध झाल्याशिवाय ती सुरू करणे हितावह नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी इंटरफेरॉन-बीटा घेणाऱ्या एका रुग्णात जीपीआयएचबीपी१विरोधी प्रतिपिंड निर्माण झाल्याचे व ते औषध थांबवल्यावर विकार मावळल्याचे २०१९ मध्ये नोंदले गेले. औषधांच्या यादीवर नजर टाकणे म्हणूनच उपचाराचाही भाग ठरतो.

गर्भावस्था व नवजात बालक

गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत प्रत्येक स्त्रीच्या रक्तात ट्रायग्लिसराइड नैसर्गिकपणे दुप्पट ते चौपट होतात. ज्या स्त्रीत मेदकण हटवण्याची यंत्रणा आधीच अडली आहे, तिच्यात ही वाढ माता व गर्भ दोघांनाही धोकादायक ठरू शकते. अशा गर्भावस्थेत कमी मेदाचा आहार आणि ट्रायग्लिसराइडची वारंवार तपासणी यांवर भर देतात. मायकोफेनोलेट गर्भास अपायकारक असल्याने ते गर्भधारणेपूर्वीच बंद करावे लागते.

आईचे आयजीजी वर्गातील प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात. जंतूंपासून बाळाचे रक्षण व्हावे यासाठी असलेला हा निसर्गक्रम येथे उलटा पडतो. २०१७ च्या वृत्तांतातील एका रुग्ण मातेच्या बाळाच्या रक्तात आईचे जीपीआयएचबीपी१विरोधी प्रतिपिंड सापडले आणि त्याला तीव्र कायलोमायक्रॉनवाढ झाली. बाळाचे स्वतःचे शरीर हे प्रतिपिंड बनवत नसल्यामुळे ती काही काळाने आपोआप नाहीशी झाली. आईकडून मिळालेले आयजीजी प्रतिपिंड बाळाच्या रक्तातून काही महिन्यांत कमी होत जातात. तोपर्यंत दुधातील मेदावर नियंत्रण व ट्रायग्लिसराइडची देखरेख आवश्यक असते. नवजात बालकाचे रक्त दुधाळ दिसल्यास जन्मजात जनुकदोषाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी आईचेही रक्त तपासावे लागते, ते याच कारणाने.